ऑरेंज काउंटीची निकालसेवा: आकडे चोख, पण वाचताना घाई नको

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा कल समजून घ्यायचा असेल, तर चॅनेलवाल्यांच्या लाल-निळ्या (रिपब्लिकन-डेमोक्रॅटिक) नकाशांपेक्षा तिथल्या रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या, म्हणजे काउंटीत निवडणूक घेणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर तासभर घालवलेला बरा. सेवा फुकट आहे आणि आकडे थेट मोजणी करणाऱ्यांकडूनच येतात. 1936 नंतर थेट 2016 साली या काउंटीने डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवाराला आघाडी दिली. 2020 आणि 2024 मध्येही तेच झालं, पण 2020 ची नऊ टक्क्यांची आघाडी 2024 मध्ये तीनच्या आत आली. ‘रिपब्लिकन गड’ आणि ‘गड ढासळला’ ही दोन्ही लेबलं इथे कामाची नाहीत.

आधी निकालाच्या पानाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. मतदान रात्री 8 ला संपतं आणि काही मिनिटांत पहिला मोठा आकडा झळकतो. तो मुख्यतः आधीच पोचलेल्या टपाली मतांचा असतो. शेवटच्या दिवशी पेटीत टाकलेली किंवा त्या तारखेचा टपालशिक्का घेऊन सात दिवसांपर्यंत पोचणारी पाकिटं मागून येतात. प्रत्येक पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. जुळली नाही किंवा सहीच नसली, तर मतदाराला कळवून ती दुरुस्त करून घेतात. म्हणून मोजणी आठवडे चालते. 2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, 39 व्या मतदारसंघात रिपब्लिकन यंग किम पहिल्या रात्री पुढे होत्या आणि शेवटी डेमोक्रॅट गिल सिस्नेरोस जिंकले. 45 व्यात रिपब्लिकन मिमी वॉल्टर्स आणि डेमोक्रॅट केटी पोर्टर यांच्यात तेच घडलं. यात गौडबंगाल काही नव्हतं, उशिराची पाकिटं वेगळ्या वयाच्या, वेगळ्या कलाच्या मतदारांची होती इतकंच. आणि ‘आधीची मतं रिपब्लिकन, नंतरची डेमोक्रॅटिक’ असा पाठही करू नका. 2020 मध्ये बरेच रिपब्लिकन प्रत्यक्ष केंद्रावर गेले आणि क्रम बदलला. चुरस असेल तर आघाडीच्या शेजारी ‘मोजायच्या बाकी मतपत्रिका’ हा आकडा वाचा. बाकी मतं आघाडीच्या दहापट असतील, तर निकाल अजून उघडा आहे.

मतदानाच्या टक्केवारीत घोळ होतो तो छेदामुळे. 2020 मध्ये नोंदणीकृत सुमारे 17 लाख 71 हजार मतदारांपैकी 15 लाख 46 हजार जणांनी मत दिलं, म्हणजे 87.3 टक्के. आकडा खरा आहे, पण छेदात फक्त नोंदणी केलेले लोक आहेत. पात्र असूनही नोंदणी न केलेले त्यात नाहीत. ते धरायचे तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा (राज्यात निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा) काउंटीनिहाय तक्ता उघडा. तिथे पात्र मतदारांवरची टक्केवारी वेगळ्या रकान्यात मिळते आणि ती नेहमी कमी भरते. शिवाय 2018 च्या एप्रिलपासून वाहन परवान्याच्या कामाबरोबर आपोआप नोंदणी होऊ लागली. छेदात असे लोक वाढले ज्यांना मतदानाची फारशी ओढ नव्हती. 2014 ची आणि 2022 ची टक्केवारी नुसती शेजारी ठेवून निष्कर्ष काढणाऱ्याने हे विसरू नये. अध्यक्षीय वर्षाची तुलना मध्यावधीशी, म्हणजे दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या निवडणुकीशी, करू नये, हे तर सांगायलाही नको.

या सेवेचं खरं सोनं प्रिसिंक्टनिहाय, म्हणजे पत्त्यांनुसार आखलेल्या छोट्या मतदान विभागांनुसार दिलेल्या, मतपत्रकात आहे. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की पहिलं काम बेरजेच्या ओळी काढून टाकायचं, नाहीतर सगळं दुप्पट दिसतं. दुसरं, प्रिसिंक्ट म्हणजे मतदान केंद्र नव्हे. 2020 पासून काउंटीतला मतदार कुठल्याही व्होट सेंटरवर जाऊ शकतो, त्याचं मत मात्र घरच्या पत्त्याच्या प्रिसिंक्टमध्येच मोजलं जातं. तिसरं, 2021 च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर सीमा हलल्या. जुना आणि नवा क्रमांक जुळला म्हणून वस्ती तीच असं समजू नका. त्यासाठी बर्कलीच्या स्टेटवाइड डेटाबेसमधली, प्रिसिंक्टवरून जनगणना ब्लॉककडे (जनगणनेच्या सर्वात लहान विभागाकडे) नेणारी जुळणी वापरावी लागते. काम किचकट आहे, पण त्याशिवाय वेस्टमिन्स्टर-गार्डन ग्रोव्हचा लिटल सायगॉन आणि शेजारचा सांता ॲना यांतला फरक धड दिसत नाही. पहिल्यात व्हिएतनामी मतदार बराच काळ रिपब्लिकनांकडे झुकलेला, दुसऱ्यात लॅटिनो मतदार डेमोक्रॅटांकडे. शहराची सरासरी काढली की गार्डन ग्रोव्हच्या आतले असे झुकाव एकमेकांत विरून जातात.

नोंदणीतल्या पक्षाचा रकाना भारतातून आलेल्या वाचकाला नवा वाटतो, कारण इथे मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहू शकतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटांची नोंदणी रिपब्लिकनांच्या पुढे गेली आणि मोठे मथळे झाले. पण ‘कुठलाही पक्ष नाही’ लिहिणारेही भरपूर आहेत. ते सगळे मधोमध उभे आहेत असं मानून मांडलेली गणितं नेहमी चुकतात, कारण त्यातले बरेच जण दर वेळी एकाच बाजूला मत देतात.

कल मोजायला कुठली लढत निवडता यावरही बरंच अवलंबून आहे. राज्यात 2012 पासून प्राथमिक फेरीतले पहिले दोन उमेदवार, पक्ष कुठलाही असो, अंतिम फेरीत जातात. 2016 आणि 2018 च्या अमेरिकी सेनेटच्या लढतीत दोन्ही बाजूंना डेमोक्रॅटच होते. त्या पानावर रिपब्लिकन मतांचा रकाना शोधत बसू नका. बऱ्याच रिपब्लिकन मतदारांनी ती जागा कोरीच सोडली, म्हणून मत दिलेल्या एकूण मतपत्रिका आणि त्या लढतीतली मतं यांत मोठी तफावत दिसते. हा फरक प्रिसिंक्टनिहाय काढून पाहा. ज्या ओळींत तो सर्वाधिक असेल, त्याच बहुधा अध्यक्षपदाच्या स्तंभात लाल निघतील.