मीटर कुठे लावलाय ते बघा

36,300 रुपये. हा आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात सगळ्यांना तो पाठ आहे आणि माझा भाऊ प्रत्येक सणाला त्याची आठवण करून देतो.

आम्ही राहतो धायरीत. माझ्या वडिलांनी, आबांनी, मात्र निवृत्तीनंतर पानशेतच्या वरच्या अंगाला, गावापासून लांब, छोटं घर बांधलं आणि तिकडेच मुक्काम हलवला. तिथे लाईटचा पोल नाही, मीटर नाही. जे काही आहे ते सोलरवर : 335 वॅटची तीन पॅनेल, 24 व्होल्टचा इन्व्हर्टर आणि 150 एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. बॅटऱ्या मार्च 2022 मध्ये नव्या घेतल्या होत्या. पक्कं बिल, 60 महिन्यांची वॉरंटी, त्यातल्या पहिल्या 36 महिन्यांत बिघडली तर फुकट बदलून. हे लक्षात ठेवा.

मे 2024 मध्ये इन्व्हर्टरला विचित्र सवय लागली. सकाळी ऊन पडलं की तासाभरात डिस्प्लेवर 28.8 व्होल्ट, म्हणजे बॅटरी फुल. संध्याकाळी सातला आबांनी चटणीसाठी मिक्सर लावला की पीं-पीं-पीं, 'लो बॅटरी', आणि घरात अंधार. पाच मिनिटांनी परत सुरू केलं की दिवे लागायचे, पंखा फिरायचा, जणू काही झालंच नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पुन्हा तेच. दिवसा भरलेली आणि रात्री रिकामी. यातच सगळं उत्तर होतं, पण ते कळायला मला पाच महिने आणि वर सांगितलेली रक्कम लागली.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एका सोलरवाल्याचा नंबर टाकला होता. माणूस बोलायला गोड. व्हिजिटचे 800 घेतले आणि रविवारी दुपारी मोटरसायकलवरून पानशेतपर्यंत आला, म्हणून मला उलट त्याचं कौतुकच वाटलं. आल्याआल्या पाणी मागितलं, आबांना 'काका, तुमची जागा लय भारी' म्हणाला, आणि कामाला लागला. पॅनेलची एमसीबी, म्हणजे त्याचा मेन स्विच, खाली पाडली, मिक्सर आणि फ्रिज एकदम सुरू करायला लावलं, व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. "मॅडम, तुम्हीच बघा. मी सांगितलं असं नको व्हायला."

मीटरवर 21.3.

"दोन्ही बॅटऱ्या बसल्यात. शिवाय अशा व्होल्टेजवर चालवून चालवून कार्डपण गेलंय." कार्ड म्हणजे इन्व्हर्टरच्या आतला बोर्ड. मी नवऱ्याला दाखवायला मीटरचा फोटो काढला. त्या फोटोबद्दल पुढे सांगते.

आबा मध्ये पडले. त्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या काळापासूनचं हायड्रोमीटर आहे आणि एक वही आहे, ज्यात कुठल्या तारखेला किती डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता, किती आली ते लिहिलेलं असतं. एप्रिलच्या पानावर बाराच्या बारा सेल 1240 च्या आसपास. ते म्हणाले, ग्रॅव्हिटी चांगली आहे, बॅटरी कशी बसेल? तो हसून म्हणाला, "काका, ग्रॅव्हिटी आणि लोड वेगळं असतं हो." आणि मी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बापाला म्हणाले, "आबा, त्यांना काम करू द्या ना." या सगळ्या प्रकरणात मला पैशापेक्षा हे वाक्य जास्त टोचतं.

वॉरंटीचं मी विचारलं होतं, अगदीच भोळी नव्हते. तो म्हणाला कंपनीत क्लेम टाकला तर दोन महिने बॅटरी परत येत नाही, तोवर काका अंधारात बसणार का? पाऊस तोंडावर होता. 34,000 ला दोन नव्या 'सोलर' बॅटऱ्या, 6,500 कार्डचे. जुन्या बॅटऱ्यांचे त्याने 5,000 वजा केले. आठवड्याभरात टेम्पोतून नव्या आणल्या, जुन्या त्याच टेम्पोत चढवल्या. पैसे यूपीआयने दिले तेव्हा नाव भलत्याच बाईचं आलं. म्हणाला, मिसेसचं खातं आहे. बिल म्हणून लेटरहेडसुद्धा नसलेली पावती, वॉरंटी कार्डावर शिक्का पण सिरीयल नंबरची जागा कोरी. "नंतर भरून देतो, मॅडम."

जाता जाता आणखी एक गळ टाकला होता. पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 ची सबसिडी काढून देतो, फाईलचे फक्त 5,000. यातून मी वाचले ती शहाणपणामुळे नाही, माझ्या खात्यात तेवढे उरले नव्हते म्हणून. नंतर अर्ज उघडून बघितला तर पहिल्याच पायरीला वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक मागतात. ती योजना ग्रिडला जोडलेल्या छतांसाठी आहे. ज्या घराला मीटरच नाही त्याला सबसिडी कुठून?

बॅटऱ्या बदलल्या आणि सगळं झकास चाललं. मिक्सर, फ्रिज, टीव्ही, एकदम. मी त्याला ग्रुपवर हात जोडल्याचे इमोजी पाठवले. माझ्या शिफारशीवरून आणखी दोघांनी त्याला बोलावलं, त्यांची मी नंतर माफी मागितली.

ऑक्टोबरात पुन्हा पीं-पीं. त्याचा फोन बंद. पावतीवर नऱ्ह्याचा पत्ता होता, तिथे झेरॉक्सचं दुकान निघालं. त्या दुकानदाराने माझ्याआधी येऊन गेलेल्या माणसांची संख्या बोटांवर मोजून दाखवली.

मग आबांच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा आला, औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला. त्याने आधी काहीच उघडलं नाही. लोड लावला आणि मीटरचे दोन प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवले, लगवर (वायरच्या टोकाला दाबलेल्या भोकाच्या धातूच्या पट्टीवर) नाही, वायरवर नाही, थेट खुंटावर. मग तेच इन्व्हर्टरच्या मागच्या टर्मिनलवर. दोन्हीकडे जवळपास सारखा आकडा. म्हणजे या वेळी दोष खरंच बॅटरीत होता. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तर एक 12 च्या वर आणि दुसरी 10.9. तिच्या एका सेलची ग्रॅव्हिटी 1120. वरचा स्टिकर नखाने सोलला तर खाली दुसऱ्याच कंपनीचा जुना स्टिकर, आणि कडेला जिथे तारखेचा कोड ठोकलेला असतो तिथे प्लॅस्टिक घासून गुळगुळीत केलेलं. किराणा दुकानाच्या पोत्यांच्या काट्यावर ती भरली 41 किलो. आमच्या जुन्या बॅटरीच्या माहितीपत्रकात 55 लिहिलंय. उरलेलं शिसं कुठे गेलं ते तुम्हीच ठरवा.

"पण मग आधीच्या बॅटऱ्या?" मी विचारलं. "त्यांचं व्होल्टेज तर मी डोळ्यांनी बघितलं." आणि तो फोटो दाखवला.

त्याने फोटो मोठा केला. "ताई, आकडा नका बघू. मीटर कुठे लावलाय ते बघा."

प्रोब इन्व्हर्टरच्या मागच्या टर्मिनलवर होते. बॅटरी फोटोत नव्हतीच.

तेवढ्यात आबा उठून आत गेले आणि खिळ्यांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आबा आयुष्यात काही टाकत नाहीत. त्यातून त्यांनी चार बोटांएवढा काळ्या वायरचा तुकडा काढला. मे महिन्यात तो माणूस गेल्यावर बॅटरीच्या ट्रॉलीमागे सापडला होता म्हणे. टोकाला लग, लगवर पांढरट-हिरवी भुकटी, भोकाची कड काळी पडलेली, आणि लगजवळचं रबर वितळून मेणासारखं ओघळलेलं. मुलाने तो हातात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "हे बघा तुमचं कार्ड."

मग त्याने समजावलं. लग गंजला की तिथे अडथळा तयार होतो. मिक्सर, फ्रिज मिळून तीस-पस्तीस अँपिअर ओढायला लागले की त्या सांध्यावरच दोन-अडीच व्होल्ट खर्च होतात, त्याची उष्णता होते, रबर वितळतं. बॅटरीच्या खुंटावर 24 असतात, इन्व्हर्टरला 21 दिसतात, तो बिचारा बंद पडतो. दिवसा याच्या उलट : पॅनेलचा करंट त्याच सांध्यातून बॅटरीत जातो, त्यामुळे इन्व्हर्टरला व्होल्टेज जास्त दिसतं, त्याला वाटतं पोट भरलं, चार्जिंग कमी करतो. म्हणून सकाळी तासाभरात 'फुल' आणि संध्याकाळी 'लो'. बॅटरी खराब झाली तरी लक्षणं अशीच दिसतात, हीच तर सोय. फरक कळतो फक्त लोड चालू असताना खुंट आणि लग यांच्यामध्ये मीटर धरला तर. तिथे जवळपास शून्य यायला हवं.

त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. नसतं तर त्याने नव्या बॅटऱ्या लावताना जुना लग कापून नवा दाबला नसता. नवा लग, गरम पाण्यात खाण्याचा सोडा, तारेचा ब्रश, वरून थोडं व्हॅसलीन. शंभर रुपयांच्या आतलं काम. कार्ड त्याने उघडलंही नव्हतं. इन्व्हर्टरच्या स्क्रूवरचं कंपनीचं सील जसंच्या तसं होतं, आणि ते मी पाच महिने रोज नाही तरी दर रविवारी बघत होते.

1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता तर हवा, आणि माझ्याकडे आहे एका बाईचं यूपीआय नाव नि झेरॉक्सचं दुकान. पोलिसांत अर्ज दिलाय. तापकीर गल्लीत नव्या बॅटऱ्या घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने आमच्या जुन्यांसारख्या दोन बॅटऱ्यांचे, भंगार म्हणून, एकेकीचे साडेचार हजार सांगितले.

आमच्या त्या दोन चांगल्या बॅटऱ्या आता नव्या स्टिकरखाली कुणाच्या तरी घरी चालत असणार. त्यांचं मूळ वॉरंटी कार्ड, दोन्ही सिरीयल नंबरांसकट, माझ्या कपाटात आहे. मार्च 2027 पर्यंत चालतं.