रेस चढली म्हणून ‘कंप्युटर गेला’ सांगणाऱ्यापासून जपा

जुनी पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या रेस धरत असेल आणि मेकॅनिकने बॉनेट उघडल्या-उघडल्या ‘कंप्युटर गेला’ (म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा डबा) म्हटलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेअकरा हजार गेले. खरा बिघाड एका रबरी पाइपाचा होता.

गाडी 2008 ची ओम्नी. गावात माझं किराणा दुकान आहे, दारव्ह्याहून माल भरून आणायला हीच गाडी. उन्हाळा लागला तशी ती विनाकारण ओरडायला लागली. पाय उचलला तरी तिसऱ्या गिअरात पुढे ढकलत राहायची, ब्रेकवर जास्त जोर द्यावा लागायचा, अ‍ॅव्हरेजही पडलं. ओम्नीला आरपीएमचा काटा नसतो, सगळं कानावर. सकाळी थंड इंजिनाची रेस थोडा वेळ चढी असतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण इंजिन तापल्यावर ती आपोआप उतरायला हवी, आणि माझी उतरत नव्हती.

रस्त्यावरच्या एका शेडमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने मोबाइलवर कसलासा कोड दाखवला आणि म्हणाला, “भाऊ, कंप्युटर गेला तुमचा. नागपूरहून बोलवावा लागते. संगं थ्रॉटलचा वॉल्व्हही बदलून देतो, मंग पाहायचं कामच नाई.” कोड कुठल्या गाडीचा, हे स्क्रीनवर कुठेच नव्हतं. शिवाय चावी फिरवली की इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि गाडी सुरू होताच विझायचा. कंप्युटरला स्वतःत किंवा सेन्सरमध्ये मोठा दोष दिसला, तर तो दिवा सहसा पेटलेला राहतो. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणे, “जुन्या मॉडेलले तसं नाई राहत.”

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून एक जण वाकला, की दुसऱ्याला आत काय चाललंय ते दिसत नाही. “तुम्ही सावलीत बसा, चहा घ्या,” असं आग्रहाने सांगणं याच कामासाठी असतं, असं आता मला वाटतं. संध्याकाळी गाडी शांत झाली. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. जुने पार्ट मागितले तर “भंगारवाला आताच घेऊन गेला.”

काही दिवसांनी थंड इंजिन सिग्नलला किंवा वळणावर बंद पडायला लागलं, आणि तापल्यावर रेस पुन्हा चढलेली. या वेळी गाडी कारंज्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी कुठलाही पाना हातात घेण्याआधी इंजिन सुरू ठेवून कान लावला. सूंऽऽ असा बारीक आवाज येत होता. टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारी नळी) जाणारा पाइप त्यांनी पक्कडीने दाबला आणि रेस जागच्या जागी खाली आली. सोडला, पुन्हा चढली. पाइप काढून वाकवला तर खालच्या बाजूला, क्लिपच्या लगत, बोटभर चीर. सीटखालची उष्णता आणि आपल्याकडचा मे महिना, रबर किती टिकणार? त्या चिरेतून फाजील हवा आत जाते, या गाडीचा कंप्युटर मॅनिफोल्डातला दाब बघून तेवढं पेट्रोल सोडतो आणि रेस वाढते. म्हणजे कंप्युटर आपलं काम चोख करत होता.

मग त्यांनी मला दोन गोष्टी दाखवल्या. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, त्यातल्या झडपेला फुलपाखरू म्हणतात. ती किती मिटायची ते ठरवणाऱ्या स्टॉप स्क्रूवर कंपनीचा रंगाचा ठिपका असतो. तो तडकलेला होता, स्क्रूवर ताजे ओरखडे. पहिल्या माणसाने तो फिरवून फुलपाखरू जास्त मिटवलं होतं, म्हणून रेस तात्पुरती उतरली आणि थंड गाडी बंद पडायला लागली. दुसरं म्हणजे कंप्युटरचा डबा. बोल्टांवर जुना गंज, त्यावर धुळीचा थर आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. त्या डब्याला पाना लागलेलाच नव्हता.

नवा पाइप, क्लिपा, स्क्रू जागेवर आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये.

त्यांच्या मते क्रम साधा आहे. आधी अ‍ॅक्सिलेटरची केबल ताणलेली नाही ना, थोडी ढिली आहे ना, ते बघायचं. मग रेडिएटरचं पाणी, कारण पाणी कमी असलं तर सेन्सरला इंजिन थंडच वाटू शकतं. (झाकण गार इंजिनावरच उघडा.) मग एकेक रबरी पाइप दाबून पाहायचा, मग थ्रॉटल आणि त्याचा आयडल वॉल्व्ह (उभ्या गाडीची रेस सांभाळणारा) साफ करायचा. गळती शोधायला काही जण पेट्रोल शिंपडतात, ते तापलेल्या इंजिनावर मुळीच करू देऊ नका. कंप्युटर सगळ्यात शेवटी, आणि बदलायचाच असेल तर आपल्या डोळ्यांसमोर. जुन्याचा आणि नव्याचा नंबर मोबाइलमध्ये टिपून.

पक्कं बिल न देणं हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी व्यवहार धरला आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेली गाडी असली तरी ग्राहक म्हणून दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मी तिथे नोंदवलं आहे, यवतमाळच्या आयोगासाठी कागद जमवतोय. ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद बँकेत आहेच, ते वहीचं पानही जपून ठेवलं आहे.

त्या शेडवाल्याला फोन केला तेव्हा तो अगदी गोड बोलला. “गाडी आणा भाऊ. मी लावलेला कंप्युटर काढून घेतो, तुमचे पैसे वापस.” म्हणजे मूळचा, धडधाकट, माझाच कंप्युटर तो काढून घेणार. गाडी मी नेलेली नाही.