करंट बॅलन्स किट: उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

बारावीचे क्लास घेतो, त्यासाठी नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलं होतं. करंट वाहणाऱ्या तारेवर चुंबकाचा किती जोर येतो ते मोजायचा हा तराजू: दांडीच्या एका बाजूला चुंबकात लटकणारी तारेची फ्रेम, दुसऱ्या बाजूला वजनं. करंट सोडला की तार खाली ओढल्या जाते, दुसऱ्या बाजूला वजन टाकून दांडी सरळ करायची, म्हणजे बीआयएल (चुंबकाचं क्षेत्र × करंट × तारेची लांबी, हा तारेवरचा जोर) बरोबर एमजी (टाकलेल्या वजनाचा भार).

भानगड आहे ती पितळी कडांची. दांडी ज्या दोन कडांवर टेकते त्यातूनच करंटही जातो. मे महिन्यात आपल्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, ओल्या हवेनं कडा काळ्या पडतात, मग अँपिअरमीटरचा काटा नुसता नाचून राहिला, रीडिंग काय घेणार? (कूलरच्या झोताने दांडी हलते ते वेगळंच, त्याला पुठ्ठा आडवा लावून भागतं.) पॉलिश पेपर मारला की थोडे दिवस बरं, मग परत तेच. बदलून मागितल्या तर दुकानदार म्हणे, भाऊ घासणारा पार्ट वॉरंटीत येत नाही, पूर्ण सेट घ्या. अख्खं माप ज्या कडेवर टेकलंय तीच वॉरंटीत नाही! तेव्हाच १ स्टार देणार होतो.

पण नवीन सेटला पैसे घालायचे नव्हते म्हणून फ्लेक्झिबल वायर सोलून त्यातली एकेक बारीक तार दोन्हीकडून सैल लूप करून जोडली, करंट तिच्यातून, कडा फक्त टेकायला. तारेचा ताण मधे येत नाही, कारण दांडी दरवेळी शून्यावरच आणतो, ताण तेवढाच राहतो. काटा स्थिर! ५ सेंमी तार, २ अँपिअर, आणि १ ग्रॅमला दांडी सरळ, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र (बी) साधारण ०.१ टेस्ला. करंट अर्धा केला तर अर्धा ग्रॅम. करंट उलटा केला तर तार वर उचलल्या जाते, दोन्हीची सरासरी घ्या, आणखी नीट येतं. पोरं स्वतःहून ग्राफ काढत बसली, लय बरं वाटलं.

दोन समांतर तारांच्या अटॅचमेंटचे पैसे मात्र वाया. त्यात चुंबकाऐवजी करंट वाहणाऱ्या दोन तारांचा एकमेकींवरचा जोर मोजायचा; २०१९ पर्यंत अँपिअरची व्याख्याच या बलावर होती, म्हणून हौसेनं घेतली. ३० सेंमी तारा ५ मिमीवर ठेवून १० अँपिअर सोडले तर कुठे १२० मिलिग्रॅमएवढा जोर, आणि सोबतचा एलिमिनेटर (करंट पुरवणारं यंत्र) ३ अँपिअरचा. जोर करंटच्या वर्गात घटतो, उरले ११ मिलिग्रॅम, आणि डब्यातलं सगळ्यात लहान वजन १० चं! नुसतं चुंबकवालं घ्या.

३ स्टार. कडा सुट्या विकायला लागले तर चौथा देतो.