ठेकेदाराकडे की मुदतीच्या करारावर?

चाकणला लागणाऱ्या भाच्यापुढे दोन कागद आहेत: कंपनीचा दोन वर्षांचा मुदतीचा करार, किंवा ठेकेदारामार्फत काम, महिना पाचशे जास्त.

खरा फरक ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सुटताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या करारावर वर्ष भरलं की हक्क मिळतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,000 असेल तर वर्षाला सुमारे 11,538 रुपये. ठेकेदाराकडे एरवी पाच वर्षं लागतात, आणि तिथे तेवढा टिकतो कोण! पगार थकवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो, एवढा आधार. कराराची मुदत संपली की मात्र छाटणीची भरपाई नाही.

वर्षभर राहणार असेल तर करार घ्यावा. चार-सहा महिन्यांत गावी परतायचं असेल, तर ठेकेदाराचे पाचशे बरे.