चव्वेचाळीस मिलिमीटरचा मोह

अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेतून लोक हंडीच्या मटणाची चव जिभेवर घेऊन परततात. मी परतलो एक ओळख घेऊन. ती ओळख पुढे मला अठरा हजार रुपयांना आणि आजीच्या डबीला पडली.

चांदूर बाजार तालुक्यात एका गावात माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यातली जुनी नाणी बाजूला काढता काढता छंद लागला. जीव मात्र सगळा मोठ्या नाण्यांवर. अल्बमच्या पहिल्याच पानावर इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ १९८५ मध्ये निघालेलं शंभराचं नाणं. पाहुण्याच्या तळहातावर ठेवलं की तो हमखास म्हणणार, "बाप्पा! शंभराचं नाणं?" त्या 'बाप्पा'साठीच मी नाणी घ्यायचो म्हणा ना. बारकी नाणी एका पत्र्याच्या डबीत पडून होती. ती डबी आजीची. चांदीच्या ४१ पावल्या (चार आण्यांच्या) आणि २३ चवल्या (दोन आण्यांच्या), तिने तंबाखूच्या चंचीत बांधून ठेवलेल्या. चवली म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. अल्बमच्या खिशात टाकली तर हरवते, आणि माझ्या वयाला तिच्यावरचं साल चष्म्यानेही दिसत नाही.

यात्रेत त्या माणसाने चादर अंथरली होती. पहिल्या दिवशी त्याने मला एक राणीछाप रुपया दिला, अगदी वाजवी भावात, आणि तो खरा होता. हे नीट लक्षात घ्या. मी चादरीवरची भोकाचे पैसे, पै, तीन पैशांची षटकोनी नाणी हाताने बाजूला सारत होतो, आणि तो माझ्या नाण्यांकडे नाही, हाताकडे पाहत होता. हे मला आज कळतं.

संत्र्याचा बहार विकल्यावर पंधरा दिवसांनी तो घरी आला. "काका, तुमच्यासाठीच ठेवलं हाय." मखमली डबीत हजाराचं नाणं, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या हजार वर्षांचं. दुसऱ्या डबीत टागोरांचं दीडशेचं. आणि कागदात गुंडाळलेलं तांब्याचं ढब्बू नाणं: राम, लक्ष्मण, सीता, मागे ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८.

"एवढंसं नाणं कोन पायते काका? पावन्याच्या हातात देल्यावर कसं भरल्यासारखं वाटलं पायजे," तो म्हणाला. माझ्याच मनातलं बोलला. सौदा वीस हजारांवर अडला. तेव्हा त्याने कोपऱ्यातली डबी उचलली, झाकण अर्धंच उघडलं, तळहातावर एकदा वरखाली केली. "हे भंगार वर टाका, मी दोन हजार सोडतो." बायको आतून म्हणाली, "आजीची डबी कायले देता? असू द्या ना पडून." मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

आठ दिवसांनी परतवाड्याच्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो ते फसलो म्हणून नव्हे, तर हजाराचं नाणं मिरवायला. त्याने ते काट्यावर ठेवलं. अस्सल नाणं ३५ ग्रॅम भरतं. काटा सव्वीसवर थांबला. टागोर तर त्याने वजनही केले नाहीत. ड्रॉवरमधलं लोहचुंबक जवळ नेलं आणि नाणं टकक्‌न चिकटलं. खऱ्यात निम्मी चांदी, उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. चुंबकाने ते उचललं जात नाही. कडेचे दाते खऱ्यावर दोनशे असतात, बारीक आणि एकसारखे. माझ्या नाण्यावर करवतीने ओरखडल्यासारखे. रामाचं नाणं त्याने हसतच परत दिलं. असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. ते यात्रांमधून पूजेसाठी विकले जाणारे ठोकळे. कंपनीच्या १८३५ च्या अर्ध्या आण्यावर कंपनीचं बोधचिन्ह असतं, देव नसतात.

राग याचा की घरात शंभराचं अस्सल नाणं होतं. तेही ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटरचंच. दुकानात काटा आहे. शेजारी ठेवून तोलायला दोन मिनिटं लागली असती.

मग सोनाराने विचारलं, "बदल्यात काय देल्लं?" डबीचं सांगितल्यावर तो गप्प झाला आणि कागदावर हिशोब मांडू लागला. इंग्रजांच्या वेळची चांदीची नाणी वजनाने प्रमाणात असत. रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, चार पावल्यांचा एक तोळा, आठ चवल्यांचा एक. म्हणजे माझी डबी तेरा तोळ्यांच्या वर, आणि पावल्या १९४० च्या आधीच्या असतील तर तीही शेकडा ९१ च्या वरची चांदी. माझं ते मिरवायचं शंभराचं नाणं? त्यात साडेसतरा ग्रॅम चांदी. तशा सात पावल्यांत त्याहून जास्त भरते.

आणि हे झालं नुसतं चांदीचं. चांदीची चवली १९१७ पर्यंतच निघाली. पहिल्या महायुद्धात चांदी तुटली तसा १९१८ पासून दोन आणे तांबं-निकेलचा झाला. बारकी नाणी जास्त हातांतून फिरतात, झिजतात, हरवतात, वितळवली जातात. त्यामुळे ठळक अक्षरांची चवली राहिली की जाणकार तिला शोधत येतो. किमतीचा नाण्यावरच्या आकड्याशी संबंध किती? १९३९ चा रुपया आणि १९४० चा रुपया शेजारी ठेवा: आकार तोच, आकडा तोच. पण १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली, आणि ३९ चे इतके कमी आहेत की त्याच्या नावावरच खोटे जास्त फिरतात. माझ्या डबीत कोणत्या सालच्या पावल्या होत्या, मी कधी पाहिलंच नव्हतं.

ठाण्यात गेलो. पावती नाही, नाव खोटं, फोन बंद. जमादार म्हणाले, "तुम्ही तर स्वतःच दिले ना?" बरोबरच होतं.

गेल्या महिन्यात शेजारचा पोरगा पाच रुपयांचं वैष्णोदेवीचं नाणं घेऊन आला. फोनवरच्या कोणी तरी त्याला दहा लाख सांगितले होते, आधी तीन हजार 'कर' भरायचा होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलंय की आमच्या नावाने जुन्या नाण्यांवर कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नका. ते त्याला वाचून दाखवलं. पोरगा म्हणाला, "पन काका, नाणं तर खरं हाय." खरंच होतं. पाच रुपयांना.

टागोर आता दुकानातल्या कपाटाच्या लोखंडी दारावर चुंबकाने चिकटवून ठेवलेत. अजूनही गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हे केवढ्याचं?" हल्ली मी आधी त्याचा हात पाहतो.