चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अंबड एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात हा गिगाबिट स्विच, म्हणजे संगणक आणि यंत्रे केबलने एकमेकांशी जोडणारी पेटी, उन्हाळ्यापासून चालू आहे. मॅनेज्ड असल्याने त्याची सेटिंग पाहता आणि बदलता येतात. त्याची वैशिष्ट्ये सर्वांना ठाऊक असल्याने ती पुन्हा लिहीत नाही. लिहायचे आहे ते त्याच्या दिव्यांविषयी.

पावसाळ्यात टूलरूममधील संगणकावर ड्रॉइंगच्या फाइली उघडायला फार वेळ लागू लागला, पण स्विचवरचा हिरवा दिवा नेहमीसारखाच लुकलुकत होता. जोडणी १००० मेगाबिटवरून १०० वर घसरली आहे, हे सेटिंगच्या पानावर गेल्यावरच कळले, कारण दोन्ही गतींना या कंपनीने एकच रंग दिला आहे. एवढी किंमत घेऊन दुसऱ्या रंगाच्या दिव्यात काटकसर करावी, याचा राग अजून गेलेला नाही.

विक्रेत्याकडून आलेल्या तंत्रज्ञाने पोर्ट जळल्याचे सांगून, ते वॉरंटीत बसत नसल्याने, थेट नव्या स्विचचे कोटेशन दिले. तो गेल्यावर तीच केबल शेजारच्या पोर्टात लावली, तर गती तिथेही १०० वरच अडकली. म्हणजे पोर्ट निर्दोष होता. मग स्विचमधील केबल तपासणी चालवली. केबलमधील तारांच्या चार जोड्यांपैकी एक ४१ मीटरवर तुटलेली दिसली आणि केबलची लांबीही जवळपास तितकीच असल्याने दोष टोकाच्या कनेक्टरमध्ये होता, हे उघड झाले. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, म्हणून जोडणी तुटली नव्हती, नुसती मंदावली होती. त्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. किरकोळ किमतीचा नवा कनेक्टर क्रिम्प केल्यावर, म्हणजे तारांवर दाबून बसवल्यावर, गती परत १००० झाली.

दोन तारे द्यायचे मनात होते, ते इथे बदलले. पुढे हजेरी यंत्र अधूनमधून गायब होऊ लागले, तेव्हा पोर्टच्या आकडेवारीत लेट कोलिजन, म्हणजे माहितीच्या उशिरा होणाऱ्या टकरी, वाढताना दिसले. यंत्र बसवणाऱ्याने त्याची गती १०० फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) पक्की करून ठेवली होती. ऑटोवर (समोरच्याशी बोलून गती आपोआप ठरवणे) असलेल्या स्विचला अशा वेळी समोरची फक्त गती ओळखता येते आणि डुप्लेक्स तो हाफ (एका वेळी एकच) धरतो, त्यामुळे कोलिजन होतात. यंत्रही ऑटोवर केल्यावर, आकडे शून्य करून आठवडाभर पाहिले. कोलिजन पुन्हा आले नाहीत.

त्यामुळे चार तारे, आणि पाचवा त्या दिव्यापायी कापला आहे. केबल तपासणीच्या वेळी त्या पोर्टची जोडणी क्षणभर तुटते, म्हणून ती जेवणाच्या सुट्टीतच करावी.