घरासोबत आलेले स्मार्ट कुलूप आणि कॅमेरा
घर घेताना स्मार्ट कुलूप आणि दारावरचा कॅमेरा आधीच बसवलेले असणे आम्हाला मोठी सोय वाटली होती, आणि सहा महिन्यांनंतरही कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. बोट टेकवताच ते उघडते आणि वीज गेली तरी बॅटरीवर चालते. कॅमेऱ्याने मात्र झोप उडवली. ॲपमधील वापरकर्त्यांच्या यादीत आधीच्या मालकांचे खाते तसेच होते, म्हणजे आमचा उंबरठा त्यांना इतके दिवस दिसू शकत होता. कॅमेऱ्याचा कंपनीकडून आलेला मूळ पासवर्डही कोणी बदललेला नव्हता. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) अशाच पासवर्डांच्या आधारे लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. मालक बदलल्यावर काय करायचे याची सूचना कॅमेऱ्याच्या कंपनीने ठळकपणे द्यायलाच हवी होती. कॅमेरा रीसेट करून वेगळ्या वाय-फायवर जोडल्यानंतरच तो पुन्हा सुरू केला.